आधी डोस, मग रेफर

कर्करोगाचे उपचार चालू असलेला माणूस रात्री तापाने फणफणला की आपल्या भागात एक वाक्य हमखास ऐकू येते : "जिथे किमो चालू आहे तिथेच घेऊन जा." गावातला डॉक्टर हे बोलतो, तालुक्याच्या दवाखान्यातली ड्युटीवरची सिस्टर बोलते, खासगी दवाखान्यातला कंपाउंडरही बोलतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. मोठा आजार आहे, आपण हात लावायला नको, ज्यांनी उपचार दिले त्यांनाच कळेल, एवढाच त्याचा हेतू असतो. पण दिंद्रुडच्या माणसाला हे वाक्य ऐकवणे म्हणजे काय, ते जरा नकाशा समोर ठेवून पाहावे.

दिंद्रुड हे बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातले गाव. इथल्या रुग्णाचा किमो चालू असतो तो छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, लातूर-सोलापुरात, नाहीतर थेट मुंबईच्या टाटात. संभाजीनगर बीड शहरापासूनच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई चारशेच्या पुढे. रात्री अकराला ताप चढला तर एसटी मिळत नाही. गाडी भाड्याने करायची तर आधी पैसे उसने घ्यायचे, मग चालकाला उठवायचे, मग सोबत कोण जाणार ते ठरवायचे. निघेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि पोहोचेपर्यंत उजाडते. किमोतल्या तापाचा हिशेब मात्र तासांत करायचा असतो. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. अशा रुग्णाला प्रतिजैविकाचा पहिला डोस सर्वात जवळच्या सक्षम रुग्णालयात, शिरेतून, लगेच मिळाला पाहिजे. पुढे कुठे पाठवायचे ते त्यानंतर ठरवावे.

हे असे का, ते समजून घेऊ. किमोची बरीचशी औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. गाठीतल्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळाशी असलेल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही तशाच असतात, आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशीही. केस गळलेले सगळ्या गावाला दिसतात, मगजात काय झाले ते कोणालाच दिसत नाही. बऱ्याच औषधांमध्ये डोस दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वात खाली येतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी पहिली झुंज देतात. त्यांची संख्या ५०० च्या खाली गेली की आपल्याच तोंडातले, आतड्यातले, एरवी मुकाट राहणारे जंतू रक्तात शिरू शकतात. आणखी एक फसवी गोष्ट अशी की, पू आणि सूज या गोष्टी बऱ्याच अंशी याच पेशींमुळे होतात. त्या नसल्या की जखम लाल होत नाही, खोकल्यातून बेडका पडत नाही, एक्स-रेमध्येही कधीकधी काही दिसत नाही. उरतो तो फक्त ताप. रुग्ण बोलतो, चहा पितो, "तसा बरा" वाटतो, आणि काही तासांत त्याचा रक्तदाब कोसळतो.

नेमके याच दिवसांत आपला रुग्ण गावी असतो. डोस झाला, सुट्टी मिळाली, एकवीस दिवसांनी या म्हणून सांगितले, तो घरी आला. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत किंवा अशाच दुसऱ्या ठिकाणी ज्यांना जागा मिळते, त्यांना निदान रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. पण दोन डोसांच्या मधले तीन आठवडे मजुरी बुडवून शहरात राहणे किती घरांना जमते? माणूस घरी येतो यात त्याची चूक नाही. चूक आहे ती त्याच्या घराजवळ काहीच व्यवस्था नसण्यात.

जगभर आता मान्य झालेला नियम असा : किमो चालू असलेला रुग्ण ताप घेऊन आला, तर तो दारात आल्यापासून तासाभरात त्याला प्रतिजैविक मिळावे. रक्ताचा नमुना आधी काढून ठेवावा, सीबीसी लावावी, पण रिपोर्टची वाट पाहत डोस रोखू नये. यासाठी लागणारी औषधे काही फक्त कर्करोगाच्या रुग्णालयातच मिळतात असे नाही. रक्तात जंतू पसरलेल्या दुसऱ्या कोणत्याही गंभीर रुग्णाला मोठ्या रुग्णालयांत जी देतात, त्याच जातीची ती असतात. ती देण्यासाठी कर्करोगतज्ज्ञ लागत नाही. फिजिशियन पुरतो. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. खेड्यापाड्यांसाठी म्हणूनच ते उभे राहिले. बीडला जिल्हा रुग्णालय आहे. दिंद्रुडहून या ठिकाणी रात्रीच्या रात्री पोहोचता येते, मुंबईला येत नाही. हा एवढा साधा फरक "तिथेच घेऊन जा" या वाक्यात पुसला जातो.

आता घरच्यांनी काय करायचे ते. सगळ्यात आधी घरात थर्मामीटर हवा. शे-दोनशे रुपयांचा डिजिटल चालतो. कपाळाला हात लावून "कणकण आहे" म्हणणे या आजारात उपयोगाचे नाही, आकडा हवा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरले, म्हणजे ३८ सेल्सिअस, की निघायचे. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा सांगितला असेल तर तो पाळावा. सकाळपर्यंत बघू, आजचा दिवस काढू, हे नाही. मोजायच्या आधी तापाची गोळी देऊ नये, कारण गोळीने आकडा उतरतो, जंतू उतरत नाहीत. आणि गावात कमरेत इंजेक्शन घेऊन यायची जी आपल्याला सवय आहे, ती इथे पार सोडावी. किमोत प्लेटलेटही कमी झालेल्या असतात. तिथे रक्त साकळते, गळू होते. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड असले तर ताप दबतो, रुग्णाला दोन तास हुशारी वाटते आणि तेवढा वेळ हातचा जातो. तापाचा हंगाम असला की मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू यांच्या तपासण्यांत दोन दिवस घालवणारेही आहेत. तपासण्या जरूर व्हाव्यात, पण पहिला डोस चालू करून.

ताप नसतानाही धोका असू शकतो, हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे. उलटी होऊ नये म्हणून किमोबरोबर ज्या गोळ्या देतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असते, त्यानेही ताप झाकला जातो. थंडी वाजून हुडहुडी भरणे, असंबद्ध बोलणे, दिवसभरात लघवीच न होणे, धाप लागणे, नाकातून-हिरड्यांतून रक्त, न थांबणारे जुलाब, तोंड इतके सोललेले की पाणी गिळवत नाही, यांपैकी काहीही झाले तर थर्मामीटर काय म्हणतो ते विचारू नये. एक वेगळी खूणही सांगून ठेवतो, कारण ती नेहमी "कंबर धरली" म्हणून सोडून दिली जाते. कर्करोगाच्या रुग्णाची पाठ दुखते आहे आणि पायांतली ताकद जाते आहे, लघवी अडली आहे, असे दिसले तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. उपचार सुरू होताना जो रुग्ण स्वतःच्या पायांवर चालत होता, तो पुढेही चालण्याची शक्यता बरीच जास्त असते. पाय गेल्यावर पोहोचला तर ते परत मिळणे अवघड. तेल चोळण्यात आठवडा घालवू नये.

दवाखान्याच्या खिडकीवर काय बोलायचे, यालाही मोल आहे. "ताप आलाय" म्हटले की केसपेपर मिळतो आणि रांगेत जागा मिळते. त्याऐवजी म्हणावे : "किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, आता ताप १०१ आहे." एवढ्या तीन गोष्टी ऐकल्या की जाणता डॉक्टर उठून येतो. हे बोलायला घरात शिकलेले माणूस असेलच असे नाही, म्हणून एका जाड कागदावर ते लिहून ठेवावे. आजार कोणता, औषधांची नावे, शेवटच्या डोसची तारीख, उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा फोन आणि फाईलचा नंबर, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हाताला किंवा छातीला कायमची नळी बसवली आहे का. हा कागद फाईलमध्ये ठेवून कपाटात कुलूप लावू नये, दाराजवळ खिळ्याला अडकवावा. शेजारच्या पोराला तो कुठे आहे हे माहीत हवे.

शेजारच्या पोराचे नाव उगीच घेतलेले नाही. आपल्या जिल्ह्यातली निम्मी अडचण त्यातच आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, आणि सहा महिने गावात उरतात ती म्हातारी माणसे, काही लेकरे आणि आजारी. मुलगा-सून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात, मुकादमाची उचल अंगावर, एक कोयता मागे आला तर उचल फिटत नाही. आईला संभाजीनगरला किमो चालू आहे, तिचा दहावा दिवस आहे, रात्री ताप आला. निर्णय कोण घेणार? फोन लावला तर मुलगा म्हणतो, "सकाळी बघतो, गाडी मिळते का." तो निष्काळजी नाही. त्याला हा ताप आणि एरवीचा ताप यातला फरक कोणी सांगितलेलाच नाही. सुट्टीच्या वेळी फाईल हातात देताना हे दोन मिनिटे मराठीत सांगणे, तेही जो घरी राहणार आहे त्याला सांगणे, हा उपचाराचाच भाग आहे असे आम्ही मानतो.

आणि बाई स्वतः आजारी असली तर ताप ती सांगतच नाही. अंगावर काढते. याच जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाने समिती नेमली, ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या अनेकींना "काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली होती. म्हणजे कर्करोग नव्हता तिथे त्याच्या नावाने घाईघाईत शस्त्रक्रिया झाल्या, आणि जिथे तो खरोखर आहे तिथे घाई करायला कोणी तयार नाही. हा विरोधाभास आम्हाला झोंबतो.

गाडीसाठी १०८ क्रमांक आहे. २०१४ पासून राज्यात ही सेवा चालते, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असणे अपेक्षित आहे. पण ही गाडी जवळच्या योग्य रुग्णालयात नेते, मुंबईला नेत नाही. म्हणजे तिथेही पुन्हा जवळचे रुग्णालय काय करणार, हाच प्रश्न येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो बसतो, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आता आहे. योजनेतल्या रुग्णालयात आणीबाणीच्या वेळी फोनवरून कळवून आधी उपचार सुरू करण्याची आणि कागदपत्रे नंतर देण्याची सोय आहे. तेव्हा रेशनकार्ड घरी राहिले म्हणून परत फिरू नये. आरोग्यमित्राला गाठावे, योजनेचा फोन १५५३८८ हा आहे.

आता हक्काचे. "आमच्याकडे सोय नाही" हे उत्तर ऐकून आपण मान खाली घालून गाडीत बसतो, जणू काही मेहेरबानी मागायला गेलो होतो. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही, सोय नाही म्हणून पुढे पाठवले, शेवटी खासगी रुग्णालयात स्वतःच्या पैशाने त्याला उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती या शेतमजुरांच्या संघटनेसह तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण हे सरकारचे उत्तर होऊ शकत नाही. हकीम शेखला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. बाबासाहेबांनी ज्या संविधानाच्या मसुद्यासाठी आपली ढासळती प्रकृती पणाला लावली, त्याच संविधानाच्या आधाराने एका शेतमजुराने हे मिळवले. तो डोक्याच्या जखमेचा खटला होता हे खरे. पण किमोतला ताप ही तितकीच तातडीची बाब आहे, फक्त त्यात रक्त दिसत नाही, म्हणून ती कोणाला तातडीची वाटत नाही.

डॉक्टरांची बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी रात्री एकच डॉक्टर असतो. रुग्ण दगावला तर नातेवाईक अंगावर येतात, हे त्याने पाहिलेले असते. कर्करोगाच्या औषधांची नावे त्याच्या रोजच्या वापरातली नसतात. अशा वेळी रेफर चिठ्ठी लिहिणे हेच त्याला सुरक्षित वाटते. यावरचा उपाय त्याला दम देणे हा नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली किमोनंतर महिन्याभरात झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, उणिवा उघड्या पडल्या, आणि त्यानंतर तिथल्या रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी वेगळी तातडीची पथके उभी राहिली. रुग्णाच्या खिशात कार्ड आणि चोवीस तास चालणारा फोन आला. फोन रुग्णासाठी जितका, तितकाच अनोळखी आजार समोर आलेल्या डॉक्टरसाठी. आपल्याकडे संभाजीनगरचे कर्करोग रुग्णालय २०१२ पासून मराठवाड्याचा भार उचलते आहे. तिथून रात्री एक डॉक्टर फोनवर "हा डोस द्या, मग पाठवा" एवढे सांगायला बसला, तर माजलगाव-परळीच्या डॉक्टरची भीती निम्मी होईल. याला इमारत लागत नाही.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली आहे. किमो जिल्ह्यातच मिळाला तर मोठीच सोय. पण डे-केअर म्हणजे दिवसा चालणारे, आणि ताप रात्री येतो. डोस देऊन संध्याकाळी कुलूप लावणारे केंद्र आले तर प्रवास वाचेल, जीव वाचेलच असे नाही. केंद्र मागताना त्याच्याबरोबर रात्रीची खाट आणि औषधाचा साठाही आपण मागितला पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. गावात आजच होण्यासारखे एक काम आहे, आणि ते बोलताना काहींना राग येईल. १४ एप्रिलला आपण घरटी वर्गणी काढतो. तिच्यातला मोठा हिस्सा डीजेवर जातो. जयंती धूमधडाक्यात व्हावी, त्याला आमची ना नाही. पण त्याच वर्गणीतून रात्रीच्या गाडीपुरते काही हजार रुपये बाजूला ठेवून विहाराच्या खात्यात का ठेवू नयेत? ज्याला लागले त्याने वापरावे, जमेल तसे परत करावे. गावात चारचाकी असलेल्या, रात्री उठवले तर कुरकुर न करणाऱ्या तीन-चार जणांची नावे आणि फोन विहाराच्या भिंतीवर लावावेत. जात-धर्म न पाहता गावातल्या कोणत्याही किमोच्या रुग्णासाठी ती असावीत. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला स्वतः पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. आपल्याला तर किल्ली फिरवायची आहे.

राहता राहिली रेफर चिठ्ठी. ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि बीडच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना व अंबाजोगाईच्या अधिष्ठात्यांना अर्ज द्यावा. मागणी एवढीच की, किमोच्या रुग्णाला ताप असताना पुढे पाठवायचे झाले, तर त्या चिठ्ठीवर दोन वेळा लिहिणे बंधनकारक करावे : रुग्ण किती वाजता आला, आणि पहिला डोस किती वाजता दिला. दुसरा रकाना रिकामा ठेवून चिठ्ठी देता येणार नाही, डोस दिला नसेल तर का दिला नाही ते तिथेच सहीनिशी लिहावे लागेल. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.